ट्रॅक्टरच्या बॅटरीवर पळालेली गाडी

गेल्या दिवाळीनंतर माझा चुलतभाऊ आमच्या गावाहून, अंथुर्ण्याहून, एक जळालेली पाच हॉर्सपॉवरची मोटार घेऊन बारामतीला माझ्या दुकानात आला. मी त्याला जन्मभर दादा म्हणत आलो आहे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी शेतीपंपांच्या मोटारींचं रिवाइंडिंग करून देतो, जळालेली तार काढून नवी भरतो. मोटार उतरवून झाल्यावर दादानं टेम्पोतून पेंडीचं एक पोतं काढलं आणि माझ्या टेबलावर अलगद उपडं केलं.

"माळा मोकळा केला. हे घावलं. भंगारवाला नेत व्हता, म्हणलं आधी तुला दाखवावं. चालंल का रं?"

पोत्यातून धुळीनं राखाडी झालेली एक बग्गी निघाली. मागची चाकं रुंद, पुढची अरुंद, बारीक तारेच्या स्प्रिंगा, आणि एक रिमोट, ज्याची एरियल हातभर लांब. मूळचा लाल रंग फक्त दारांवरच्या स्टिकरखाली शिल्लक होता. मी खाली वाकून बघायचं सोंग केलं, कारण माझा चेहरा दादानं बघू नये असं मला वाटत होतं. ती गाडी का चालत नाही हे जगात फक्त मला माहीत होतं.

ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

दादाचे मामा बोटीवर नोकरीला होते. त्यांनी जपानहून ही गाडी आणली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. गाडी सुट्या भागांत आली होती. मामांनी आठवडाभर आमच्या ओसरीवर बसून ती जोडली, आणि दादा त्यांच्या शेजारी बसून एकेक स्क्रू हातात देत होता. त्याला प्रत्येक दातेरी चाकाची जागा पाठ झाली होती. निमगाव केतकीच्या बाजाराला निघालेली माणसं वाट वाकडी करून गाडी बघायला यायची. दादा मला रिमोट धरू द्यायचा, पण चालवताना त्याचा हात माझ्या हातावर असायचा. मला ती एकट्यानं चालवायची होती.

एक दिवस पोट दुखतंय म्हणून मी शाळा बुडवली. दादा शाळेत होता. गाडीची बॅटरी उतरलेली, लाइट गेलेली. आता आमच्या घरात एक गोष्ट तान्ह्या पोरालाही पाठ होती: विहिरीवरची मोटार घुमायला लागली की व्होल्टेज कमी आहे, आणि व्होल्टेज आलं की पाणी धो धो पडतं. हेच गणित मी गाडीला लावलं. गोठ्यासमोर ट्रॅक्टर उभा होता. गाडीच्या मोटारीच्या दोन वायरी मी उपसल्या, त्यांना पंपाच्या वायरीचा लांब तुकडा जोडला आणि दुसरं टोक सरळ ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावलं.

गाडी अशी सुटली की मी ओरडलो. दोन सेकंद, फार तर तीन. मग ती जनावरांच्या हौदावर जाऊन आपटली. नाक दगडाला, मागची चाकं अडकलेली, आणि मी दुसऱ्या टोकाला वायर धरून तसाच उभा. आज मला कुणी विचारलं तर झोपेतही सांगेन की जाम झालेली मोटार आधी बंद करायची. तेव्हा कळलं नाही. धूर आला. जळक्या लाखेचा एक गोडसर, घशात बसणारा वास आला. तोच वास गेली अठ्ठावीस वर्षं रोज माझ्या दुकानात असतो.

मी वायरी होत्या तशा जोडल्या आणि गाडी खोक्यात ठेवली.

संध्याकाळी पाहुणे आले. दादाचे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, कौतुकानं म्हणाले, "आण रं तुझी जपानी गाडी." ती चालली नाही. तात्यांनी पाहुण्यांसमोर दादाच्या थोबाडीत मारली. दादा रडत म्हणाला, "काल पाण्यातनं घातली मी." आदल्या दिवशी त्यानं ती पाटातून चालवली होती, म्हणून त्याला खरंच वाटलं की आपल्याच हातून मोडली. मी दाराच्या मागे होतो.

त्या दिवसापासून तात्या त्याला मोडक्या म्हणू लागले. पंपाचा स्टार्टर खराब झाला, मोडक्यानं हात लावला असंल. सायकलची साखळी तुटली, मोडक्या. दहावी झाल्यावर दादाला बारामतीच्या आयटीआयला जायचं होतं. तात्या म्हणाले, "त्यो काय मशीन सांभाळणार? रानात राहू दे." दोन वर्षांनी मी दहावी झालो. माझे वडील लवकर गेले, तात्यांनीच मला वाढवलं होतं. त्यांनी मला आयटीआयला घातलं. माझं दुकान, माझं बारामतीचं घर, हे सगळं त्या जागेवर उभं आहे जी दादाची होती. आणि तात्या आज ऐंशीच्या पुढं आहेत, दादाला नातवंडं आहेत, तरी त्या घरात ट्रॅक्टरची किल्ली दादाच्या हातात जात नाही. ड्रायव्हर ठेवला आहे.

म्हणून दादानं "चालंल का रं?" विचारलं तेव्हा मी म्हणालो, "चालंल. पळंल. तू एक महिना थांब." आणि मनात ठरवलं, गाडी परत देईन त्या दिवशी हेही देऊन टाकीन.

त्यानंतरच्या महिन्याबद्दल मला खरं लिहायचं तर हे कबूल केलं पाहिजे की मी फार आनंदात होतो. प्रायश्चित्त करणाऱ्या माणसानं इतकं खूश असावं का, मला माहीत नाही. पण मी सकाळी दुकान उघडायच्या एक तास आधी जायला लागलो. शिट्टी वाजवत जायचो.

गाडी पूर्ण उकलली. प्रत्येक स्क्रू चहाच्या कपांमध्ये वेगवेगळा ठेवला. प्लॅस्टिकचे भाग कोमट साबणाच्या पाण्यात दातांच्या ब्रशनं धुतले. बायको डबा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"बाहेर तीन माणसं मोटारीसाठी ताटकळत बसल्यात, आणि तुमी खेळणं न्हाऊ घालताय?"

"खेळणं न्हाय गं. ही मशीन हाय. हिला मागं डिफरन्शिअल हाय, ट्रॅक्टरसारखं. हे बघ, एक चाक धरलं की दुसरं उलटं फिरतंय."

तिनं चाक धरून पाहिलं. दुसरं उलटं फिरलं. "अगंबाई," म्हणाली, आणि परत दोनदा फिरवून बघितलं. मला फार बरं वाटलं.

मूळच्या गाडीत वेग बदलायला एक सरकणारी तांब्याची पट्टी होती, तीन टप्प्यांची. हळू, मध्यम, जोरात, आणि दर वेळी ठिणगी. तिच्या जागी मी मागवून घेतलेला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसवला. हातभर एरियलचा रेडिओ काढला, नवा रिसीव्हर टाकला. तो काडेपेटीच्या अर्ध्याएवढा आहे आणि त्याच्यासोबतच्या नव्या रिमोटला एरियल दिसतसुद्धा नाही. जुन्या बॅटरीच्या जागी लिथियमची आली, वजनाला निम्मी, जोर दुप्पट. चाकांच्या मध्ये प्लॅस्टिकच्या बुशिंगा, म्हणजे साध्या कड्या, होत्या, तिथं मला बॉल बेअरिंग हवी होती. बारामतीतल्या बेअरिंगवाल्याकडे गेलो, माप सांगितलं, अकरा मिलिमीटर. तो माझ्याकडं बघतच राहिला.

"पंपाला?"

"मोटारगाडीला."

"शेठ, असलं बेअरिंग घड्याळात असतंय. मुंगीची गाडी हाय का?"

ती पुण्याहून आली. बसवली, चाकाला बोटानं टिचकी मारली, आणि घड्याळ लावून बसलो. चाक फिरतच राहिलं. एका मोटारीसाठी आलेले लोणी भापकरचे एक आबा माझ्या शेजारी बसून बघत होते. ते म्हणाले, "आमच्या पंपाचं बी असंच करा की," आणि आम्ही दोघं चाक थांबेपर्यंत घड्याळाकडं बघत राहिलो.

पण खरं काम मोटारीचं होतं. नवी ब्रशलेस मोटार मी मागवली होती. ती आलीही, चकचकीत, आणि जुन्या मोटारीपेक्षा कितीतरी जोरदार. दोन दिवस टेबलावर ठेवून मी ती खोक्यात परत घातली. मी जाळलेली मोटार मलाच भरायची होती.

डबीच्या कडा उचकून ती उघडली तेव्हा तो वास आला. इतक्या वर्षांनीसुद्धा, पुसटसा. आतलं फिरणारं आर्मेचर माझ्या अंगठ्याएवढं, तीन दातांचं. मी आयुष्यात हजारो मोटारी भरल्या असतील, पण इतकी लहान कधीच नाही. काळी पडलेली तार उलगडत वेढे मोजले. एका दातावर सत्तावीस. आमच्या धंद्यातलं साधं तत्त्व आहे: वेढे कमी, तार जाड, तर मोटार जोरात पळते आणि तापतेही जास्त. मी एकोणीस वेढे धरले. भिंग लावून, श्वास रोखून, चिमट्यानं एकेक वेढा. पहिल्या वेळी तार तुटली. दुसऱ्या वेळी तोल बिघडला, मोटार मिक्सरसारखी थरथरली. तिसऱ्या वेळी बॅटरी लावली आणि तिनं असा काही सूर धरला की समोरच्या पंक्चरवाल्यानं मान वर केली. मी दुकानात एकटाच हसत होतो.

मागचे आडवे दांडे, ज्यांवर चाकं लटकतात, ते तडकलेले होते. तुषार सिंचनाच्या काळ्या पाइपचा तुकडा तापवून सपाट केला आणि त्यातून करवतीनं नवे कापले. शॉकअपमध्ये मोटारसायकलचं तेल घातलं, घट्ट झालं, मग शिलाई मशीनचं मिसळून पातळ केलं. पुढचे दांडे बघितले. दिसायला ठीक होते, तडा नव्हता, म्हणून तसेच ठेवले. मूळचं काहीतरी राहू दे असंही वाटलं. हे मी मुद्दाम इथं लिहून ठेवतो.

दुकानामागच्या मोकळ्या प्लॉटवर तिला पहिल्यांदा सोडलं. बोट जरा दाबलं आणि ती गेली. धूळ उडाली, मी मागं धावलो, मग लक्षात आलं की धावायची गरज नाही, वळवायचं असतं. पन्नास वर्षांच्या उंबरठ्यावरचा माणूस, ढेरी सावरत, गाडीच्या मागं. पंक्चरवाला ओरडला, "अवो, ब्रेक हाय का न्हाय?" आहे, मी म्हणालो, ब्रेकपण आहे! आणि दाबून दाखवला.

जानेवारीत एका रविवारी दुपारी गाडी घेऊन अंथुर्ण्याला गेलो. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागं थांबत थांबत मी वाक्यं जुळवत होतो. ठरवलं होतं की आधी दादाला पोटभर चालवू द्यायची, मग त्याला बांधावर एकट्याला घेऊन जायचं आणि सांगायचं.

मका वाळवायचा सिमेंटचा कोबा मोकळा होता. पलीकडं कालव्याची चारी खोदून निघालेल्या मातीचा उतरता ढीग. तात्या बाजेवर उन्हात बसले होते. मी गाडी खाली ठेवली. दादा तिच्याभोवती एक फेरी मारून उकिडवा बसला. मागच्या दांड्याला बोट लावलं.

"हे तुषारच्या पाइपाचं की रं!"

"व्हय."

"आयला," तो म्हणाला. मी त्याच्या हातात रिमोट दिला. माझा हात त्याच्या हातावर ठेवायची मला इच्छा झाली, पण ठेवला नाही.

"बारक्या, जपून दे त्याच्याकडं," तात्या बाजेवरून म्हणाले. बारक्या म्हणजे मी. "मोडंल ते."

दादानं बोट दाबलं. गाडी कोब्याच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि त्यानं ती पहिल्याच झटक्यात वळवली, मागची चाकं घसरवत, जणू काल चालवून ठेवली होती. आठाचा आकडा काढला. उलटा काढला. वहिनी चुलीवरचं सोडून बाहेर आल्या. दादा ओरडत होता, "बघा! बघा की वो तात्या! कशी चाललीय!" तो तेरा वर्षांचा झाला होता, आणि मी त्याच्या शेजारी उड्या मारत होतो, "ढिगावरनं घाल दादा, उडंल, शॉकअप हायती!" घाल म्हणणारा मीच.

त्यानं घातली. गाडी ढिगावरून सुटली, हवेत गेली, एवढी सुंदर की आम्ही तिघं एकदम "ओऽऽ" म्हणालो. ती पुढच्या चाकावर खाली आली. कट्‌ असा आवाज झाला. पुढचा डावा दांडा मधोमध तुटून चाक वाकडं लोंबायला लागलं.

दादाच्या हातातला रिमोट खाली आला. त्याचे खांदे खाली आले, पांढऱ्या मिशांच्या माणसाचे, आणि त्यानं बाजेकडं बघितलं नाही, कारण काय येणार हे त्याला माहीत होतं.

"म्हणलो व्हतो का न्हाय?" तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, सवय होती. "मोडक्या त्यो मोडक्याच."

"माझ्याच हातनं झालं," दादा म्हणाला. "जोरात घातली मी."

बांधावरची माझी सगळी वाक्यं गेली. मी तात्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो.

"तात्या, त्यानं न्हाय मोडली. पुढचे दांडे जुने व्हते, वाळून कुडकुडीत झालेले, मी बदलले न्हाईत. आणि तवाची बी मीच मोडलीय. दादा शाळेत असताना मी ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावली. हौदाला धडकून जळली. मी खोक्यात ठिवली आन गप बसलो. तुमी त्याला मारलं तवा मी दारामागं व्हतो."

मला वाटतं मी हे फार मोठ्यानं बोललो. चारीपलीकडच्या रानातली ऊसतोडीची माणसं बघायला लागली.

तात्या माझ्याकडं बघत राहिले. मी दादाकडं वळलो. त्याच्या तोंडावर राग असेल अशी माझी तयारी होती. तो काहीतरी हिशेब करत असल्यासारखा दिसला.

"ट्रॅक्टरच्या?" तो म्हणाला. "बारा व्होल्ट, थेट?"

"थेट."

"किती पळाली रं?"

"वाऱ्यागत. दोन-तीन सेकंद."

"मग पळणारच की," तो म्हणाला, आणि क्षणभर हसला. ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि आतून विझत गेलं. मग तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मला वाटायचं पाण्यानं गेली. सगळं आयुष्य मला वाटायचं, पाण्यातनं घालायला नको व्हती." आणि: "आयटीआयला मी गेलो असतो, बारक्या."

"व्हय दादा."

माफ कर म्हणायचं मी महिनाभर घोकलं होतं, ते म्हणालो, पण ते इतकं उशिरा आणि इतकं लहान होतं की माझं मलाच ऐकू आलं नसावं. दादा कोब्यावर जाऊन गाडीजवळ बसला आणि तुटलेला दांडा दोन बोटांत धरून फिरवून बघायला लागला. मी खिशातला पाना काढत पुढं झालो.

"तू सरक," तो म्हणाला.

मी सरकलो. त्यानं वहिनींना हाक मारली, "ती ठिबकची जुनी नळी दे गं, आन पक्कड." ठिबकच्या नळीचा बोटभर तुकडा कापला, चुलीच्या धगीवर मऊ केला, तुटलेली दोन टोकं जुळवून त्यांच्यावर तो बाहीसारखा चढवला, वरून बारीक तार चार वेढे घेऊन पिळली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्याची बोटं अशी चालत होती की मी बघतच राहिलो. हे हात तीस-पस्तीस वर्षं रानात, तात्यांच्या नजरेआड, नळ्या आणि पंप आणि फवारे दुरुस्त करत आले होते, आणि घरी येऊन मोडक्या म्हणवून घेत होते. मला हे माहीत असायला हवं होतं. मी कधी विचारलं नव्हतं.

गाडी खाली ठेवून त्यानं बोट दाबलं. जरा डावीकडं ओढत होती, पण पळाली. त्यानं ती कोब्यावरून फिरवून सरळ बाजेखाली आणून थांबवली, तात्यांच्या चपलांच्या मध्ये.

तात्यांनी वाकून ती उचलली. नळीची बाही अंगठ्यानं दाबून पाहिली. चाक ओढून पाहिलं. मग त्यांनी दादाला हाक मारली, त्याच्या नावानं. बारशाला ठेवलेलं ते नाव मी त्यांच्या तोंडून लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. दादानंही ऐकलं नसावं, कारण त्याला ओ द्यायला वेळ लागला.

"ट्रॅक्टरचा उजवा दिवा लागंना झालाय," तात्या म्हणाले. "ड्रायव्हरला कळत न्हाय. तेवढं बघतूस का?" आणि बंडीच्या खिशातून किल्ली काढून पुढं केली.

दादानं माझ्याकडं बघितलं. वायरिंग हे माझं काम, दिव्याचं काय झालं असेल हे मी जागेवरूनच सांगू शकलो असतो. मी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि तो किल्ली घेऊन ट्रॅक्टरकडं जाताना बघत उभा राहिलो.